मांडीवरचं लेकरू

मी उमरेडकडची, ताई. लग्न होऊन जरीपटक्यात आली, न् सासूनं मले पाटावर बसवून शिकवलं, पाय लांब सोडायचे, लेकरू नडग्यांवर पालथं घालायचं, तेल चोळायचं, वरून कोमट पाणी. त्याच कामावर घर चाललं. बाळंतीण घरी आली का लोकं मलेच बलावत, म्हणत का हिच्या पायावर कोणतंबी पोट्टं झोपून जाते. झोपतच होते, खोटं कायले सांगू.

मंग एकीच्या मोरीत घसरली न् खुबा मोडला. डॉक्टरनं मोडलेलं हाड काढून आत धातूचा नवा गोळा बसवला. चांगला माणूस होता बिचारा, नीट समजावून सांगे का मावशी, आता खाली बसायचं नाई, वाकायचं नाई, पायावर पाय टाकायचा नाई, नाई तर गोळा खोबणीतून निसटते. मी म्हटलं, मंग मी करू काय?

त्याच साली माही लेक सुमन पहिल्या बाळंतपणाले घरी आली. मी दुसरी बाई लावली होती, पण काय सांगू तुमाले, तिच्या हाती लेकरू रडून रडून काळंनिळं होये. सुमन म्हणे, माय, साऱ्या गावची लेकरं तू न्हाऊ घातली, न् माह्यावालं काहून नाई? मी डॉक्टरचं बोलणं सांगितलं, नाई नाई म्हणत राहिली, तर ती रडाले लागली, म्हणे एकच डाव. मलेबी मोह झाला ना वं ताई. बसली पाटावर. तेल लावून झालं, लेकरू डोळे मिटून पडलं होतं, न् मी तांब्यासाठी पुढं वाकली. आत खट्ट झालं. पाय आपोआप आत वळला, लेकरू तेलानं बुळबुळीत, घसरून राहिलं, न् माह्यानं पकडणं होये ना. सुमननं झडप घालून उचललं. लेकराले काई झालं नाई.

मले भूल देऊन गोळा परत बसवला. डॉक्टर म्हणे, एकदा निसटला का पुन्हा निसटाले येळ लागत नाई. सुमन मले एक वाकडा शब्द बोलली नाई, आपल्यालेच कोसत राहते. त्याचंच मले जास्त लागते.

आता पोट्टं चालते, दिवाळीले येते. मी उंच खुर्चीत बसून असतो. खुर्चीत बसून लेकरू मांडीवर घ्याले काई हरकत नाई, डॉक्टरले इचारून घेतलं मी, सुमनलेबी सांगितलं. मी हात पसरतो, ये रे राजा म्हणतो, तर ते पहिले मायच्या तोंडाकडं पाहते. सुमन मान खाली घालते. मंग ते तिथंच उभं राहते. राहू द्या. सुखी राहो बापडं, त्याचे पाय धड राहो.