ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरची तार कोणी कापली याबाबत

नाव: इर्मगार्ट ड्यूर
वय: ६६ वर्षे
व्यवसाय: निवृत्त शिक्षिका (मोटारगाड्यांचे वीजतंत्र, व्यवसाय शाळा)
शिक्षण: अभियांत्रिकी पदविका, एसलिंगेन, १९७३
राहणार: लिंडेनगासे ७, पहिला मजला, हिंटरलाउख
ठिकाण व वेळ: ओबरवाल्डिंगेन पोलीस ठाणे, २६ ऑक्टोबर २०१६, सकाळी ९.४०

मी आज कोणी बोलावले नसताना ठाण्यात आले आहे आणि समक्ष सांगते की,

वरील पत्त्यावरच्या इमारतीत चार बिऱ्हाडे आहेत. तळमजल्यावर श्री. गॉटहिल्फ शॉयफेले राहतात. ते बचत बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या समोरच्या घरात श्री. मिलेन्को युरिच राहतात. ते अकरा वर्षे शाळेची बस चालवतात. श्री. शॉयफेले यांनी १७ ऑक्टोबर रोजी तक्रार दिली की, श्री. युरिच यांनी त्यांच्या गाडीची तार कापली. १८ तारखेला श्री. युरिच यांना बसवरून उतरवण्यात आले. गुन्हा नोंदला गेला तर मुलांची बस चालवण्याचा त्यांचा परवाना जाईल. त्यांचे वय ५७ आहे. या वयात दुसरे काम मिळत नाही, हे मी वेगळे सांगत नाही.

गाडीची हकीकत अशी. ऑगस्टमध्ये श्री. शॉयफेले यांच्या गाडीत मार्डर शिरला. हा मांजराएवढा, मुंगसाच्या अंगाचा प्राणी आमच्या भागात उभ्या गाड्यांच्या इंजिनात शिरून रबर आणि तारा चावतो. श्री. शॉयफेले यांनी बाजारातून मार्डर पळवण्याचे यंत्र आणले. माणसाला ऐकू न येणारा बारीक आवाज ते करते. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी त्यांनी ते स्वतः बसवले आणि नंतर आठवडाभर अंगणात प्रत्येकाला थांबवून सांगितले.

सप्टेंबरअखेर गाडीचा इंजिनाचा दिवा लागला. गॅरेजचे श्री. रायनर ओट यांनी संगणक लावला. ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर मंडलात दोष, असे त्यावर आले. हा सेन्सर धूर जाण्याच्या नळीत असतो आणि तापल्याशिवाय काम करत नाही. तो लवकर तापावा म्हणून त्याच्या पोटात लहानसा हीटर असतो. संगणकाने मंडलात दोष सांगितला होता, म्हणजे हीटर, तार, फ्यूज, जोड, यांपैकी काहीही. श्री. ओट यांनी सेन्सर बदलला. चार दिवसांनी दिवा परत लागला. त्यांनी पुन्हा सेन्सर बदलला. दिवा पुन्हा लागला. मग त्यांना तारेच्या आवरणावर पात्याची खाच दिसली आणि ते म्हणाले की हे कोणीतरी मुद्दाम केले आहे. श्री. ओट १९९८ च्या तुकडीत माझे विद्यार्थी होते. तेव्हाही ते आधी बदलत आणि मग मोजत.

२० तारखेला श्री. शॉयफेले माझ्या दारात आले. संभाषण असे झाले.

"ड्यूरबाई, तुम्ही हा विषय शिकवलाय. एकदा गाडी बघा आणि तार कापलेली आहे असं लिहून द्या. पोलिसांपुढे वजन पडेल."

"बघितल्यावर जे दिसेल ते लिहून देईन."

"दिसणार काय दुसरं? युरिच म्हणजे मांजरं पाळणारी माणसं. मांजरांचं खाणं बाहेर ठेवतात, त्यानं मार्डर येतात. बोललो म्हणून राग धरलाय त्यानं."

"शनिवारी दहाला. ओटला बोलवा."

शनिवार २२ तारखेला सकाळी दहा वाजता अंगणात मी, श्री. शॉयफेले व श्री. ओट हजर होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या श्रीमती फ्रोमर खिडकीत होत्या. श्री. युरिच स्वतःच्या उंबऱ्यात उभे होते. गाडीपासून लांब राहा, असे त्यांना ठाण्यातून सांगण्यात आले होते. ते उंबऱ्याबाहेर आले नाहीत.

मी सेन्सरचा जोड सोडवला. दोन पांढऱ्या तारा हीटरच्या. त्यांच्यामधला रोध नऊ ओहम भरला. हीटर उत्तम होता. त्याअर्थी काढून टाकलेले दोन्ही सेन्सरही बहुतेक उत्तमच असावेत. ते भंगारात गेले आहेत. फ्यूज शाबूत होता.

श्री. ओट म्हणाले, "बाई, मी पण मोजलं होतं. इंजिन चालू असताना जोडावर चौदा व्होल्ट पूर्ण येतात. मग सेन्सरच गेला, नाही का?"

"कशानं मोजलंस?"

"मीटरनं."

"मीटरशिवाय दुसरं काही जोडलं होतंस?"

"नाही."

मीटरला नावापुरती वीज लागते. तार केसाएवढी उरली असली तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो. हीटरला अँपिअरच्या वर वीज लागते. हे मी पहिल्या वर्षाच्या तिसऱ्या आठवड्यात शिकवत असे. मी ब्रेकचा एकवीस वॉटचा दिवा आणला होता. इंजिन चालू करून तो जोडाच्या पुरवठ्याच्या बाजूला लावला. दिव्याची तार जेमतेम लाल झाली. मीटर चौदावरून तीनवर आला. म्हणजे दोष पुरवठ्याच्या तारेत होता.

मी तार मागे तपासत गेले. जोडापासून चाळीस सेंटिमीटरवर काळी टेप गुंडाळलेली होती. टेपच्या कडेला श्री. ओट यांना दिसलेली खाच होती.

मी विचारले, "ही टेप कोणाची?"

"माझी," श्री. शॉयफेले म्हणाले. "पाणी जाऊ नये म्हणून. काम करायचं तर नीट करायचं."

टेप काढली. आत निळी चिमटा-क्लिप होती. ही क्लिप दाबली की तिचे पाते तारेचे आवरण चिरते आणि दुसऱ्या तारेला वीज देते. तिने आवरणाबरोबर तारेचे धागेही चिरले होते. उरलेले हिरवे पडले होते. शाबूत दोन धागे मी मोजले. क्लिपमधून निघालेली तार मार्डर पळवण्याच्या यंत्रात गेली होती. बाहेरची खाच त्याच पात्याची होती. क्लिप आधी तिथे बसवून, मग काढून, पुढे बसवली होती.

"यंत्राच्या कागदावर बॅटरीला जोडा असं लिहिलेलं असतं," मी म्हणाले.

"बॅटरीवर तारा लोंबलेल्या मला चालत नाहीत. बरं दिसत नाही."

"या तारेत इंजिन चालू असतानाच वीज येते."

"मग?"

उत्तर श्रीमती फ्रोमर यांनी खिडकीतून दिले. "मग काय, शॉयफेले. रस्त्यानं जाताना मार्डर जवळ येत नव्हते ना? झालं तर."

श्री. ओट गाडीखाली काहीतरी शोधू लागले. तिथे शोधण्यासारखे काही नव्हते.

मी तुटका भाग कापून तार नीट जोडली, यंत्र बॅटरीला जोडले. ब्रेकचा दिवा आता लख्ख लागला. श्री. ओट यांनी दोष पुसला. तो आजपर्यंत परत आलेला नाही.

श्री. शॉयफेले मला जिन्यापाशी गाठून म्हणाले, "हे आता वाढवू नका. पुरावा पुरेसा नाही म्हणून मी तक्रार मागे घेतो. सगळ्यांचीच अब्रू राहील."

"युरिचांची कशी राहील?"

"अहो, सुटतोय ना तो."

"पुरावा पुरेसा नाही, असं लिहिलं तर परवान्याच्या कचेरीतला माणूस काय वाचेल?"

"ते त्यांचं ते बघतील. आणि तुम्हीच तर सांगितलंत पोलिसांना, त्याला गाडीपाशी पाहिलं म्हणून."

हे खरे आहे. १७ तारखेला सायंकाळी मला ठाण्यातून दूरध्वनी आला. प्रश्न असा होता: शनिवारी १५ तारखेला दुपारी तीनच्या सुमारास श्री. युरिच यांना त्या गाडीशेजारी गुडघ्यांवर बसलेले आपण पाहिले का? त्या आठवड्यात अंगण झाडण्याची पाळी माझी होती. मी पाहिले होते. मी "हो" म्हणाले. दुसरा प्रश्न विचारला गेला नाही. विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे, असे मी एकतीस वर्षे वर्गात सांगितले.

श्री. युरिच गाडीखालून मांजर काढत होते. मांजर माझी आहे. त्यांनी ती अंगण ओलांडून माझ्या हातात आणून दिली. त्यांच्या मनगटावर ओरखडा होता. मी "आभारी आहे" म्हणाले आणि झाडत राहिले. १८ तारखेपासून ते मला जिन्यात रोज नमस्कार करतात. माझ्या उत्तराबद्दल त्यांनी मला आजवर काही विचारलेले नाही.

वरील मांजरीचा परिच्छेद तपासाला आवश्यक नाही, असे जबाब घेणाऱ्या अंमलदार श्रीमती आयझेले यांचे म्हणणे पडले. तो ठेवावा, असे मी सांगितले. परवान्याच्या कचेरीला आणि बस कंपनीला या जबाबाची प्रत आजच पाठवावी, अशी माझी मागणी आहे.

जबाब मला वाचून दाखवण्यात आला. शेवटचे वाक्य "श्री. युरिच यांनी तार बहुधा कापली नसावी" असे लिहिले गेले होते. मी तसे बोलले नव्हते. ते माझ्यासमोर खोडून पुढीलप्रमाणे लिहिले, व त्याखाली मी सही करते: श्री. मिलेन्को युरिच यांनी तार कापली नाही.

इर्मगार्ट ड्यूर