कागदाची कोरी बाजू

नाव : सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे. वय ४९ वर्षे. धंदा शिवणकाम. राहणार ओळखपत्रावरील पत्ता, तळमजला, रस्त्याकडची खोली.

मी आज पोलीस ठाण्यात आपण होऊन आले असून विचारल्याप्रमाणे सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. खोलीत मधोमध पडदा आहे. पडद्याच्या अलीकडे माझे मशीन व कापायचे टेबल आहे. पलीकडे पतींचा शेअर बाजाराचा क्लास चालतो. मागच्या भावांचा चार्ट नीट पाहिला तर पुढचा भाव कळतो, असे ते शिकवतात. विद्यार्थी त्यांना रेषामास्तर म्हणतात व ते नाव त्यांना आवडते.

शिकवायची त्यांची पद्धत अशी. जुना चार्ट मोठ्या कागदावर छापून आणायचा, लाल पेन्सिलीने रेषा ओढायच्या आणि उजवी बाजू माझ्याकडच्या पुठ्ठ्याने झाकायची. मग विचारायचे, "बोला, आता वर का खाली?" मुले सांगतात. पुठ्ठा सरकवला की तसेच झालेले दिसते. मला पडद्याआडून पुठ्ठ्याचा आवाज येतो व मागून मुलांचा.

माझा धाकटा भाऊ मालाचा टेम्पो चालवत असे. तो सुरुवातीला थट्टेवारीने क्लासला बसला. चार्टमधल्या एका आकाराला डोके-खांदे म्हणतात. त्यावरून तो मला म्हणाला, "ताई, तू खांदे मापतेस, दाजीपण खांदेच मापतात. तुझा शर्ट निदान अंगाला तरी बसतो." पुढे त्याची थट्टा बंद झाली. क्लासच्या भिंतीवरच्या चार्टसारखाच, उलट्या डोके-खांद्यांचा आकार त्याला एका शेअरमध्ये दिसला. हा आकार पुरा झाला की भाव चढतो, असे पती शिकवतात. त्याने टेम्पो विकून सगळे पैसे त्यात घातले. भाव पडत गेला. आकार अजून पुरा व्हायचा आहे, असे म्हणून तो थांबून राहिला.

मंगळवारी नदीवर बोलावून मला ओळख पटवायला सांगितली. अंगातला शर्ट मी शिवलेला होता. मी ओळख पटवली.

भावजयीने पतींवर फसवणुकीची तक्रार दिली असून पती कालपासून आपल्या ताब्यात आहेत. ती मला ताई म्हणत असे. आता काहीच म्हणत नाही.

साहेबांनी विचारले की, पतींनी जाणूनबुजून फसवले काय. माझ्या माहितीप्रमाणे नाही. याच पद्धतीने त्यांनी आमचे स्वतःचे पैसेही घालवले आहेत. माझे दुसरे मशीन त्यातच गेले. तेव्हा ते म्हणाले, "पद्धत बरोबर होती गं, रेषा ओढताना माझा हात चुकला." काल गाडीत बसतानाही म्हणाले, "घाई केली त्याने. चार दिवस थांबला असता तर झालं असतं." भावजय तिथेच उभी होती. हे त्यांनी निर्दयपणे म्हटले नाही, त्यांना खरेच तसे वाटते. मला त्यांचा राग येत नाही. यायला हवा, एवढे कळते.

आता कागदांविषयी. पुठ्ठा सरकवल्यावर जो चार्ट शिकवल्याप्रमाणे निघतो, तो भिंतीवर लागतो. जो निघत नाही, त्यात आपलीच काही चूक झाली असे धरून पती तो मला देतात. कागद मोठा व दणकट असतो. त्यावर मी गळ्याचे, बाह्यांचे, पाठीचे नमुने आखून कापते. भिंतीवर चार्टची एक ओळ आहे. माझ्याकडे नमुन्यांचे पोते भरले आहे. ते पोते मी सोबत आणले आहे. ही दोन्ही एकत्र ठेवून कोणी पाहिली नाहीत, पतींनीही नाहीत.

आज सकाळी मी भावाच्या शर्टाच्या पाठीचा नमुना पोत्यातून बाहेर काढला. का काढला ते सांगता येत नाही. उलटून पाहिला, तर मागे तोच उलट्या डोके-खांद्यांचा आकार, लाल पेन्सिलीने गोल केलेला. त्यापुढे भाव खालीच गेला आहे, पार कागदाच्या कडेपर्यंत.

हे आधी माहीत होते काय, असे साहेबांनी विचारले. मी नमुने कोऱ्या बाजूवर आखते. दुसरी बाजू कधी पाहिली नाही. हा नमुना आखला तेव्हा भाऊ समोर टेबलाला टेकून उभा होता. कागद पालथा होता.

पोते ठेवून घ्यावे. भावाचा नमुना मात्र काम झाल्यावर मला परत मिळावा. त्याच्या मापाचा तो एकच आहे.

हा जबाब हवालदारबाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी 'मयत' असे लिहिले होते, तिथे माझ्या सांगण्यावरून 'भाऊ' केले आहे. बाकी मी सांगितले तसेच आहे.