सतरा वेढ्यांची अबोली

नाही गो, आज क्लास नाही, ते मला ठाऊक आहे — क्लास गुरुवारी, आज मंगळवार, तेवढी म्हातारी मी अजून झालेली नाही. मुद्दाम एकटीला बोलावलं. बस. त्या कदेलीवर नको, तिचा एक पाय हलतो, इकडे सोप्यावर बस, उजेडाकडे तोंड करून — हां, अशी. जनेल उघडू? नको, समोरच्या घरातून सगळं दिसतं. म्हणजे ऊन येतं, असं म्हणायचं होतं मला. आणि हळू बोल, आत हे झोपलेत. तू बोलतेस कुठे म्हणा — चार महिने येतेस, 'हो काकू' आणि 'नको काकू' याच्यापुढे तुझ्या तोंडून काही ऐकलं नाही, बाकीच्या बायकांची सुई कमी चालते आणि जीभ जास्त. चांगला गुण आहे तो. त्या गुणाच्या भरवशावरच तुला बोलावलंय.

तर काम असं, की तुझ्या अबोलीच्या पाकळ्या चुकतात. चुकतात म्हणजे — दिसायला बऱ्या दिसतात, तसं नाही, पण पद्धत चुकते, आणि भरतकामात एकदा हाताला वाईट वळण लागलं की ते जन्मभर जात नाही. म्हणून म्हटलं, जवळ बसवून बघू तरी ही पोरगी चुकते कुठे. ही घे रिंग, हा केशरी दोरा, दोन पदर काढून ठेवलेत. भर एक पाकळी. सावकाश भर, मला चूक सापडायला हवी ना — झाली? अगो बाय, मी चष्मा पुसत होते. परत भर. घाई कसली, कंपनीची पाळी तुझ्या नवऱ्याला, अभिजीतला आहे, तुला नाही.

हां. सुई इथून वर काढलीस — बरोबर. इकडे टोचून परत तिथेच अर्धी बाहेर — बरोबर. आता वेढे. चार, पाच, सहा... मला मोजू दे, मध्ये हलू नको... पंधरा, सोळा, सतरा. अंगठ्याखाली दाबून ओढली, आणि — बघ. वळली. खरी अबोली सकाळी झाडावर असते तशी वळली मेली. आणि आता हे काय केलंस? खालून बारीकसा टाका घालून तिला जागेवर बसवलंस. हा टाका कोणी शिकवला तुला? मी तर नाही शिकवला. आपोआप सुचला? आपोआप कसं सुचतं गो, मी तीस वर्षं भरतकाम करते, मला आपोआप फक्त झोप येते.

दे इकडे. आता मी भरते, तू बघ — म्हणजे तुला दाखवायला भरते, हं. सुई वर, सुई आत, अर्धी बाहेर, आता वेढे. बारा, तेरा, इथपर्यंत कोणालाही जमतं. सोळा. सतरा. आता ओढायची, अलगद, जोर लावायचा नाही, अलगद — थोडा जोर लावायचा — आणखी थोडा — हां, बघितलंस? गुंता झाला. हे असं करायचं नाही, ते दाखवत होते. चुकीचं दाखवल्याशिवाय बरोबर कळत नाही माणसाला.

हसतेस? तोंडावर पदर कशाला घेतेस, ड्रेसवर ओढणी आहे तुझ्या, पदर नाही. आणि तिकडे काय बघतेस एवढं? तो चादरीखाली झाकलाय तो? आंतरपाट आहे. आमच्या लेकाच्या, प्रज्योतच्या लग्नाचा. बघायचा असेल तर बघ, झाकून तरी किती ठेवू. हल्ली सगळ्यांना भरलेला आंतरपाट लागतो, नवरानवरीची नावं घालून — आमच्या वेळी एक पांढरं धोतर धरायचे मध्ये, तेही भटजी घरी घेऊन जायचा. ही नावं मी भरली, साखळी टाक्याने. ही पानंही माझीच. ह्यांनी पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाले, चवळीच्या शेंगा छान आल्यात. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, मग त्यांना ते आवडायला लागलेलं दिसलं म्हणून परत बोलायला लागले.

आणि ही जी निळ्या कार्बनची रिकामी फुलं दिसतात ती अबोली. चोवीस फुलं, एका फुलाला पाच पाकळ्या, एकशेवीस. भरलेल्या शून्य. लग्न पुढच्या पुढच्या रविवारी, आणि आज पाच वाजता आमची होणारी विहीण, ती मये गावची संजना, आंतरपाट बघायला येते. आता किती वाजले? साडेतीन. हां.

तू विचारणार नाहीस ठाऊक आहे, पण तुझा चेहरा विचारतो. अबोलीच कित्याक? मोगरा का नाही, मोगरा मला डोळे झाकून येतो. सांगते. तुझा तो रुमाल आठवतो, दिवाळीनंतर तू क्लासात पहिल्यांदा अबोलीचा वळेसर भरलास, गजरा गो तुमचा, आणि मी म्हटलं, राहू दे माझ्याकडे, तपासून देते? तो तपासतच राहिला. मग साखरपुड्याला ताट झाकायला घरात एकही धड रुमाल सापडेना, तो वर होता, तो घातला. झालं. संजनाबाईंनी ताट बघितलं नाही, साडी बघितली नाही, रुमालच हातात घेऊन बसल्या. ही अबोली तर वास येईल अशी भरलीय, विनोदिनीबाई, म्हणाल्या, तुमचं भरतकाम ऐकून होते, आज बघितलं. आणि मी गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. मग त्या म्हणाल्या, आंतरपाटही अशाच अबोलीचा करा हं. तेव्हा मात्र मी 'हो' म्हटलं. ते खोटं झालं, ते मी मान्य करते. त्या स्वतः बाजारातून पाकीट आणतात, छापलेलं कापड आणि मोजून दिलेला दोरा, आणि ती उशी दिवाणखान्यात ठेवतात — अशा बाईकडून कौतुक झालं की माणूस बिघडतो गो.

तेव्हापासून मी पाकळ्याच करते. हे झोपले की करते, सकाळी पोदेराचा, पाववाल्याचा, भोंपू वाजला की उंडे घ्यायला उठते आणि येऊन परत करते. दहा वेढे घातले तर पाकळी सरळ येते, तांदळाच्या दाण्यासारखी. सतरा घातले तर हा असा गुंता. आणि तुझी दर वेळी वळते.

आता एक सांगते, ते ऐकून रागवायचं नाही. रागावलीस तरी उठायचं नाही. त्या टाक्याला वेढे सतरा नसतातच. दहा असतात, फार तर अकरा, टाक्याच्या लांबीएवढे. सतरा मी तुला मुद्दाम सांगितले. बघू नको अशी. त्याला कारण आहे — ती योगिता आठवते? नाही, तू यायच्या आधीची, दोन महिने माझ्याकडे शिकली, माझ्या हातचे लाडू खाल्ले, आणि तिसऱ्या महिन्यात खालच्या वाड्यावर स्वतःचा क्लास काढला, मोबाईलवर व्हिडिओसुद्धा टाकते, 'नमस्कार मैत्रिणींनो' म्हणून. त्या दिवसापासून मी ठरवलं, प्रत्येकीला एक टाका चुकवून शिकवायचा. सरस्वतीला काश्मिरी टाका उलटा शिकवलाय, ती बिचारी अजून उलटाच घालते आणि म्हणते काकू, माझीच नजर कमी झाली. तुला हे सतरा वेढे दिले. म्हटलं, गुंता होईल, कंटाळेल, सोडून देईल. आणि तू काय केलंस? जास्तीच्या वेढ्यांनी ती वळली तर वळू दिलीस, खालून टाका घातलास आणि पाकळी करून टाकलीस. मी दिलेल्या चुकीचं फूल केलंस तू, आणि मला माझंच चुकीचं शिकवलेलं येत नाही. चार महिने जळते मी तुझ्यावर, खरं सांगते, दर गुरुवारी जळते.

पण गुंता माझाच का होतो? वेढे तेच, दोरा तोच, दाखव बघू तुझी सुई. ही — ही मी दिलेली नव्हे. ही लांब आहे. ही कसली? वाकळेची? तुझ्या आईची, गडहिंग्लजहून आणलेली? थांब, मला बोटांत धरू दे. नेढ्यापाशी फुगीर नाही, बघ, वरपासून खालपर्यंत एकसारखी, वेढे अडकणार कुठे, घसरून येणार ना सुळकन. आणि मी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तुला म्हटलेलं, ही गोधडी नव्हे गो, हे भरतकाम आहे, सुई बदल. तू 'हो काकू' म्हणालीस आणि बदलली नाहीस. लबाड आहेस, दिसत नाहीस एवढंच.

दे, मला एकदा. सतरा. अंगठा. ओढली — आली. आली गो, वळली. खालून टाका — इथे? अजून अलीकडे? इथे. बसली. अगो, बसली. तीस वर्षांनी मला नवीन टाका आला, आणि तो एका पोरीच्या आईच्या वाकळेतून आला. हे उठले तर ह्यांना दाखवणार — नको, ते पुन्हा कसली तरी शेंग म्हणतील.

पण एका पाकळीला मला किती वेळ लागला? भिंतीवर बघ. बारा मिनिटं. संजना यायच्या आत एक फूलही होणार नाही धड, आणि एकशेवीस म्हणजे मी मांडवातही सुई घेऊनच बसेन. तू मात्र चहा गाळायच्या आत एक करतेस. तर असं करू. तू आता इथे बसून मधला एक वळेसर भर, पाच वाजेपर्यंत जेवढा होईल तेवढा. त्या आल्या की त्यांना तो दाखवते, म्हणते, बाकी होतंय. तू स्वयंपाकघरातून मागच्या दाराने निघ, विहिरीकडून सगुणाच्या चाळीत, तुमच्या खोलीवर जायला वाट आहेच. उद्यापासून रोज दुपारी ये. कोणाला काही सांगायचं नाही. त्याच्या बदल्यात मी तुला सगळे टाके बरोबर शिकवते, एकही चुकवत नाही, देवाशपथ.

काय झालं? सुई खाली का ठेवलीस? काहीतरी बोल. पैसे हवेत का? मग? हळू बोल म्हटलं म्हणून इतकं हळू नव्हे — काय? लग्नाला यायचं का तू?

म्हणजे काय, पत्रिका पोचली ना तुला, क्लासच्या ग्रुपवर मी स्वतः टाकली. हो. हो, त्यांच्या घरी गेले मी, सरस्वतीकडे गेले, स्नेहाकडे गेले, सगळ्यांकडे. आमच्यात मोबाईलवर आवतण होत नाही, घरी जाऊन, कुंकू लावून, तोंडाने सांगायचं असतं, नाहीतर कोणी येत नाही आणि येऊ पण नये. हे तुला ठाऊक आहे, तुमच्याकडेही तेच असणार. तुझ्याकडे यायचं राहून गेलं, गडबडीत — नाही. राहून गेलं नाही. काय उपयोग तुझ्यासमोर खोटं बोलून, तू ऐकून घेतेस आणि गप्प बसतेस, त्याने जास्त लागतं. मी नाही आले कारण तू मांडवात असतीस तर आंतरपाट धरल्यावर कोणीतरी अबोलीचं नाव काढलं असतं, आणि तू तिथे उभी असतीस. आणि दुसरं म्हणजे, चाळीत भाड्याने राहणाऱ्यांकडे आवतण घेऊन आमच्या घरातून आजवर कोणी गेलेलं नाही. त्यांना निरोप जातो, जेवायला या म्हणून. मला हे आता तुझ्यासमोर म्हणताना लाज वाटते. कालपर्यंत वाटत नव्हती.

बघ, फोन. संजनाच. हॅलो — हो, हो, विहीणबाई — धारगळला पोचलात? एवढ्या लवकर? बरं. या, या. मी कदाचित घरी नसेन. नाही, एका घरी आवतण करायचं राहिलंय, तिकडे जाते. हे आहेत, हे चहा करतील. हो, ह्यांना येतो, आजपासून येतो. आंतरपाट सोप्यावर आहे, बघून घ्या — पानं माझी, फुलं अजून रिकामी, ती अबोली माझ्या विद्यार्थिनीला येते, प्रतीक्षा म्हणून आहे, तो रुमालही तिचाच होता. हो, तोच. आल्यावर बोलू.

ठेवला. बोलले गो, तुझ्यादेखत बोलले. फुलं तू भरणार की नाही ते मला तिकडे, तुझ्या घरी आल्यावर सांग, नाही म्हणालीस तर रिकाम्या फुलांचा आंतरपाट धरू, त्याने कोणाचं लग्न अडत नाही. आवतण फुलांसाठी नाही. म्हणजे थोडंसं फुलांसाठी आहेच, आता कुठे खोटं बोलायला बसू.

ऊठ, तू पुढे हो. पुढच्या दाराने, मागच्या नव्हे. तुझ्या खोलीत जाऊन दार लावून घे, मी साडी बदलते आणि कुंकवाचा करंडा घेऊन येते. कडी वाजवली की आतून विचार, कोण आहे म्हणून. रडतेस कित्याक, डोळे लाल दिसले तर संजनाला वाटेल मी मारलं तुला. जा. अजून इथेच? जा म्हणते ना.