लांबचा गठ्ठा

निदा: माझ्या वाटणीची चित्रं मी सगळी बघितली की रे. आता तुझी कशाला?

अदनान: आपा, एकदा बघ. माझ्या खुणा मी खोडरबरानं पुसल्यात. दोन दीर्घिका एकमेकींत शिरताना दिसल्या तर फुली मार, नाहीतर सोड. नेहमीसारखं.

निदा: कालपर्यंत "आपा, तू नसतीस तर माझी पीएचडी बुडाली असती" म्हणत होतास. सकाळपासून थोबाड का असं केलंयस?

अदनान: सकाळी चहा पिताना एक चित्र दोघांनी बघितलं ना? तू म्हणालीस, एक होतायत. मी म्हणालो, नुसत्या शेजारी आहेत.

निदा: मग काय झालं? माणसं दोन, मतं दोन.

अदनान: तिथंच सगळं फसलंय. अब्बांच्या ऑपरेशनमुळे मी रत्नागिरीत अडकलो, काम तुंबलं, म्हणून आपण चित्रं वाटून घेतली. जवळच्या दीर्घिका मी ठेवल्या, लांबच्या तुला दिल्या.

निदा: लांबच्या म्हणजे पुसट. तुला कंटाळा येतो म्हणून माझ्या गळ्यात मारल्यास. एकेक ठिपका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा गाव, असं सांगून भुलवलंस मला.

अदनान: गाव आहेतच ते. आणि लांबचा उजेड इथं पोचायला अब्जावधी वर्षं लागतात. म्हणजे तुझा गठ्ठा जुन्या काळाचा, माझा अलीकडचा. तुझ्यात फुल्याच फुल्या, माझ्यात तुरळक. मी सरांना कळवूनही मोकळा झालो, की मोठ्या दीर्घिका पूर्वी भराभर एक व्हायच्या, आता क्वचित होतात.

निदा: सर खूश झाले होते ना?

अदनान: खूप. उद्या पुण्यात समितीपुढे हेच मांडायचंय. त्यावरच शिष्यवृत्तीची मुदत वाढणार. बघ ना, आपा. हे घे.

निदा: ही जोडी एक होतेय.

अदनान: आणि ही?

निदा: ही पण. मध्ये धुरासारखं आहे बघ, एकीनं हात पुढे केल्यासारखं.

अदनान: ती शाई पसरल्येय.

निदा: असेल. मला दिसतं ते सांगते. हीसुद्धा. ही... हो, हीसुद्धा.

अदनान: बस कर.

निदा: अजून अर्धीसुद्धा झाली नाहीत.

अदनान: बस म्हटलं ना! माझ्या गठ्ठ्यातही तुझ्या हातून तेवढ्याच फुल्या पडतायत. विश्वात फरक पडलाय की नाही, मला काही माहीत नाही. बघणारा बदलला, एवढंच मी मोजलं. अरे, पत्ते वाटतानासुद्धा माणूस आधी पिसतो! मला एवढंही सुचलं नाही.

निदा: थांब. माझी मी परत बघते. कडक नजरेनं बघते. किती फुल्या हव्यात ते सांग.

अदनान: असं नाही करता येत.

निदा: का नाही? इथं तू आणि मी. कुणाला कळणार आहे? उद्या जा, बोल, मुदत वाढवून घे. मग सावकाश सुधार.

अदनान: आपा, हे तू सांगतेयस?

निदा: हो, मीच! अब्बांनी तुझा पासपोर्ट एजंटकडे देऊन ठेवलाय. मस्कतची नोकरी तुझी वाट बघतेय. माझा नवरा दोहाला जाताना "लवकर येतो" म्हणालेला. ईदला तरी फोन केलान काय? या घरात मला बोलायला तू एकटा उरलायस. तूही गेलास तर मी काय करू रे?

अदनान: रडू नको ना.

निदा: म्हणूनच मला तशा दिसल्या असतील. दोन जवळ दिसल्या की मी दुआ मागायची, होऊ दे यांचं. आणि फुली मारायची.

अदनान: हे आधी का नाही सांगितलंस?

निदा: तू विचारलंस कधी? सरांना माझं नाव सांग. चूक बहिणीची म्हण.

अदनान: डोळे तुझे होते, वाटणी मी केली. फोन दे इकडे.

(अदनान फोन घेऊन मागच्या पडवीत जातो. परत येतो तेव्हा निदा चित्रं गोळा करत असते.)

निदा: काय म्हणाले?

अदनान: वेळेवर सांगितलंस, बरं झालं म्हणाले. रागावले नाहीत.

निदा: आणि मुदत?

अदनान: समितीपुढे ठेवायला आता काही उरलं नाही. सगळं नव्यानं बघायला वर्ष जाईल, आणि तोवरची शिष्यवृत्ती त्यांच्या हातात नाही.

निदा: तू सांगितलंस ना, की आजारपण होतं घरात?

अदनान: सांगितलं, आपा. सगळं सांगितलं.

निदा: अब्बांची रिक्षा आली वाटतं. तू बस. त्यांना मी सांगते.

अदनान: काय सांगशील?

निदा: तू मस्कतला जातोयस, एवढंच. बाकीचं त्यांना कळायचं नाही.

अदनान: तुला तरी कळलं ना?

निदा: कळलं रे. म्हणून तर तुझ्यासमोर बसवत नाही.