टिकली येतली

माझं माहेर देवगडच्या बाजूचं, खाडीकाठचं, बापूस दुसऱ्याच्या होडीवर जायचा आणि आई सुकटीची पाटी घेऊन गावं फिरायची, आम्ही पाच बहिणी आणि त्यात मी तिसरी, शालन. तिसऱ्या मुलीला कोण विचारतोय बाय. सतरावं लागलं तशी कणकवलीच्या पुढच्या गावात दिली आणि महिन्याभरात एष्टीनं लालबागला आणली. नवरा गिरणीत साचेखात्यात आहे, कापड विणतो, एवढंच सांगितलेलं, आणि ते खरंच होतं, पण कबुतरांचं कोणी बोललंच नव्हतं. चाळीत आलो, ट्रंक ठेवली, मी नवी नवरी, डोक्यावरचा पदर सारखा करत उभी, आणि हे म्हणतात तू चाय ठेव, मी आलोच. ते गेले ते दीड तासानं उतरले, शर्टाला पिसं चिकटलेली आणि तोंडभर हसू. मी मनात म्हटलं देवा, कुठे येऊन पडले मी.

आमच्या चाळीच्या मागे संडास होते आणि त्याच्यावर सिमेंटचा स्लॅब, त्या स्लॅबवर ह्यांनी फळ्या आणि जाळी ठोकून ढाबळ केलेली, ढाबळ म्हंजे कबुतरांचं घर, एकावर एक खण, प्रत्येक जोडीला आपला खण. वीस-बावीस पक्षी होते तेव्हा. आणि ही रस्त्यावरची कबुतरं नाहीत हां, ही शर्यतीची. लांब नेऊन सोडली की आपल्या घरी परत येणारी. आधी ठाण्याला नेऊन सोडायची, मग पनवेल, मग महाड, असं करत करत लांबचा पल्ला. शर्यतीच्या दिवशी पायात रबराची कडी घालून पाठवायची आणि पक्षी घरी उतरला की ती कडी काढून घड्याळाच्या पेटीत टाकायची, ज्याची आधी तो जिंकला. जिंकून मिळायचं काय, तर एक कप. पितळेचा. तो मी पुढं किती वर्षं चमचे ठेवायला वापरला.

मी खूप भांडले सुरुवातीला, खोटं कशाला सांगू. कपड्यांना वास, घरात पिसं, पगार झाला की आधी ज्वारी आणि चणे त्यांचे, मग आपलं. पण एक सांगते, हा माणूस दारू प्याला नाही, माझ्यावर हात उचलला नाही. साच्याच्या आवाजानं कानानं कमी ऐकायचे, माणसांत गप्प गप्प असायचे, पण त्या स्लॅबवर गेले की शीळ घालायचे, बोलायचे, आमच्या मालवणीत, गे ये गे, खंय होतीस इतको वेळ, असं. मला कधी नाही बोलले तसं. मला राग यायचा त्याचा आणि कौतुक पण वाटायचं, दोन्ही.

त्यात एक मादी होती, टिकली. राखाडी रंगाची आणि कपाळावर मधोमध पांढरा ठिपका, म्हणून टिकली. ती अंड्यातून बाहेर आली तेव्हा तिची आई मेली, तर ह्यांनी तिला चणे भिजवून कुटून चोचीत भरवलं, पंधरा-वीस दिवस, पहिल्या पाळीला जायच्या आधी आणि आल्यावर. ती दोनदा पहिली आली शर्यतीत. चाळीतली माणसं सुद्धा वर बघत उभी राहायची ती यायची असली की.

मग संप झाला. तेव्हा माझी मुलगी लता चार वर्षांची. पहिले दोन महिने काही वाटलं नाही, सगळे म्हणायचे मिटेल आता, सभेला जायचे, घोषणा द्यायचे, हे पण जायचे. मग डबे रिकामे व्हायला लागले. काय सांगू तुम्हाला, आमच्या मजल्यावर सकाळी एकाच घरात चूल पेटली की बाकीच्या बायका दारं लावून घ्यायच्या, वास यायला नको म्हणून. कबुतरांना दाणा कुठला मग. ह्यांनी एक एक करून पक्षी दिले, कोणी भायखळ्याला, कोणी गिरगावात, ज्याला घालायला परवडेल त्याला. फुकट दिले. दोन म्हाताऱ्या जोड्या राहिल्या, त्या कोणी घेतल्या नाहीत, आणि टिकली. तिला मागणारे खूप आले, हे नाहीच म्हणाले.

मे महिन्याच्या शेवटी हे गावाला निघाले, भात लावून येतो, चार महिन्यांचे तांदूळ तरी होतील म्हणाले. अर्धी चाळ गेली होती तशी. जाताना टिकलीला छोट्या करंडीत घालून वर फडकं बांधून घेऊन गेले. मी म्हटलं आता हे काय. तर म्हणाले पोचल्याचं कळवतो. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत बसलेली तर वर पंख वाजले. धावत गेले. टिकली आपल्या खणात बसलेली, दमलेली, चोच उघडी, आणि पायाला चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली. बारीक अक्षर. पोचलो. लताला जप. हिला पाणी दे. मी त्या दिवशी पहिल्यांदा तिला हातात घेतलं. एवढीशी छाती, धडधडत होती नुसती.

आणि तीन आठवड्यांनी मी तिला देऊन टाकलं.

ते सांगायलाच तुम्हाला बसवलंय. लताला टायफॉड झाला. ताप उतरला पण पोर अशी झाली की उभी केली की पडायची. डॉक्टर म्हणाला औषध झालं, आता तिला दूध द्या, अंडं द्या, मऊ भात द्या, नाहीतर ताप उलटेल. माझ्याकडे पेज करायला मूठभर कण्या नव्हत्या. मंगळसूत्राची वाटी आधीच गेली होती. त्या दिवसांत एक माणूस दारात आला, वरळीच्या चाळीतला, परब म्हणाला नाव, आमच्यासारखाच संपावरचा, दुसऱ्या गिरणीतला. म्हणाला वैनी, बापाला लकवा झालाय, एक बाजू गेलीय, तोंड वाकडं झालंय. कोणीतरी सांगितलंय की कबुतराचा रस्सा द्या, कबुतर गरम असतं, अंगात हालचाल येते. तुमच्याकडे कबुतरं आहेत म्हणून कळलं. मी त्याला वर नेलं, म्हाताऱ्या जोडीतलं एक काढून दिलं. तो म्हणाला हे म्हातारं नको, तरणी मादी सांगितलीय. आणि बोट टिकलीकडे. त्याच्या हातात पिशवी होती, गावच्या तांदळाची, अर्धी भरलेली, आणि वर दुधाला म्हणून थोडे पैसे.

मी नाही म्हटलं. दोनदा नाही म्हटलं. मग खालून लता रडली, ते रडणं पण नीट नव्हतं, मांजरीच्या पिल्लासारखं.

मी स्वतः हात घालून काढली तिला. ती पळाली पण नाही, हातात आली शहाण्यासारखी. तिला वाटलं असेल परत कुठेतरी नेऊन सोडणार.

लता महिन्याभरात बरी झाली. हे श्रावणात आले, पाठीवर गावाहून उसने आणलेले तांदूळ, आधी मुलीला उचललं, मग वर गेले. खाली येऊन विचारलं, टिकली खंय? मी आधीपासून ठरवून ठेवलेलं. म्हटलं एका सकाळी सोडली होती मोकळी, आली नाही परत. बघा बाय, मी जर म्हटलं असतं की ससाण्यानं नेली, मांजरानं खाल्ली, तर माणूस रडून मोकळा झाला असता. पण माझ्या तोंडातून आलं, आली नाही. आणि ते म्हणाले, येतली. कणकवलीहून येणारी ती, लालबागात चुकतली काय? येतली ती.

तिथून पुढे तेरा वर्षं, तेरा वर्षं बाय, त्या माणसानं तिचा खण झाडला आणि वाटीत ताजं पाणी ठेवलं. संप मिटला असं कोणी सांगितलंच नाही आम्हाला, नुसता विरून गेला. ह्यांना गिरणीनं परत घेतलं नाही. मग वरळीला एका बिल्डिंगीवर वॉचमन झाले, साच्यावरचा माणूस, निळा शर्ट घालून गेट उघडायचा. मी चार घरी पोळ्या करायला लागले. म्हाताऱ्या जोड्या मेल्या, नवीन पक्षी काही ह्यांनी आणले नाहीत. पण संध्याकाळी वर जाऊन शीळ घालायचे. आधी चाळीतले हसायचे, मग हसायचे पण बंद झाले. मी खाली भाजी चिरत बसायचे आणि ती शीळ ऐकायची. रोज वाटायचं आज सांगते. रोज वाटायचं आता इतके दिवस झाले, आता कसं सांगू.

मग चाळ पाडायची ठरली. मालकानं बिल्डर आणला, सगळ्यांना संक्रमण शिबिरात जायचं, मग नवीन जागा. सगळ्यांनी सह्या केल्या आणि हे करेनात. माणसं घरी आली, तात्या, सही करा ना, तुमच्या एकट्यासाठी अडलंय. शेवटी हे म्हणाले, ती येतली तर खंय येतली? पक्षी माणसाकडे येत नाही, जागेकडे येतो. ही जागाच नसली तर? कबुतर पंधरा-वीस वर्षं जगतं, म्हणाले. एकानं विचारलं कोण येणार आहे, दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माणसं गेली. रविवार होता, दुपार, लता क्लासला गेलेली. हे भिंतीला टेकून बसलेले. मी समोर बसले आणि सांगितलं. पहिल्यापासून सगळं, परब, तांदूळ, दूध, माझ्या हातानं काढून दिली ते. तोंडाकडे बघायचं धैर्य नव्हतं, त्यांच्या पायांकडे बघून बोलले. मला वाटलं ओरडतील. मारलं असतं तरी चाललं असतं मला. त्यांनी विचारलं, बरो झालो काय तो?

मी म्हटलं कोण?

तो म्हातारो. लकव्यावालो.

मी म्हटलं, माका माहीत नाय.

तर म्हणाले, इचारूक तरी होया होता गे.

विचारायला हवं होतं, एवढंच. उठले, शर्ट घातला आणि जाऊन सही करून आले. त्या संध्याकाळी वर गेले नाहीत. परत कधीच गेले नाहीत.

शिबिरातली खोली म्हंजे खुराडंच, पत्र्याची. तिथं ह्यांची छाती बिघडली. डॉक्टरनं विचारलं गिरणीत होता का, म्हटलं हो, कबुतरं होती का, म्हटलं हो. तो म्हणाला दोन्हींनी मिळून केलंय. जिना चढवेना, मग संडासापर्यंत जाववेना. आणि एक दिवस धाप लागलेली असताना परत तेच, शालन, तो बरो झालो काय गे? तेवढं एक समजलं असतं.

मी दुसऱ्या दिवशी वरळीला गेले. चाळीचा नंबर माहीत नाही, नुसतं परब, बाप लकव्यानं आजारी होता, संपाच्या वर्षी. चार चाळी फिरले. शेवटी सापडलं घर. परब नव्हता, कामाला गेलेला, त्याची बायको होती. तिनं मला ओळखलं नाही, कशी ओळखेल. सांगितलं तशी तिनं आत घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाली, सासरे आठव्या दिवशीच गेले हो. घशाखाली काही उतरतच नव्हतं त्यांच्या, रस्सा चमच्यानं घातला तो सगळा बाहेर आला. मग तिनं पदराशी चाळा केला आणि म्हणाली, आम्हीच खाल्लं ते, पोरांनी आणि मी. वाईट वाटून घेऊ नका. घरात होते नव्हते ते तांदूळ ह्यांनी तुमच्याकडे दिलेले, मग चार दिवस काहीच नव्हतं आमच्याकडे.

त्यांच्या पोरांचे तांदूळ माझ्या पोरीनं खाल्ले होते. मी तिचा हात धरला, तिनं माझा धरला, आम्ही दोघी तशाच बसलो.

घरी आले. हे उशीला टेकून दाराकडेच बघत होते. मी चपला काढायच्या आधी सांगितलं, बरा झाला हो. हात हलायला लागला, मग काठी घेऊन चालायला लागला. अजून सात-आठ वर्षं जगला म्हणे. नातवाला शाळेत सोडायला जायचा.

हे म्हणाले, चलत जायचो? म्हटलं हो, चालत. म्हणाले, मग चांगला झाला. आणि त्या दिवशी अर्धी वाटी पेज प्याले. अठरा दिवसांनी गेले.

पहिलं खोटं बोलले त्याची लाज मला अजून आहे. दुसऱ्याची नाही. देवानं विचारलं तर त्याला पण तेच सांगेन, बरा झाला म्हणून.

आता ही नवीन जागा, नववा मजला, लिफ्ट आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे. सोसायटीनं सगळ्यांच्या गॅलरीला जाळी मारलीय आणि खाली पाटी लावलीय, कबुतरांना दाणे टाकू नयेत. मी टाकत नाही. बरोबरच आहे, पोरांच्या छातीला त्रास होतो. लता डोंबिवलीला असते, नोकरी करते, तिला दोन मुलं आहेत, धडधाकट, दर रविवारी फोन करते, आई जेवलीस का.

तुम्ही हे सगळं लिहा. मी एवढी वर्षं कोणाला बोलले नाही, आज बोलले, बरं वाटलं. पण एक सांगून ठेवते, लता हे काही माझ्या मुलीचं नाव नाही, मी सुरुवातीपासून दुसरंच सांगितलंय तुम्हाला. तुम्ही पण तेच ठेवा. तिला ह्यातलं काही माहीत नाही. चार वर्षांचं पोर, दूध दिलं ते प्यालं, भात दिला तो जेवलं, त्याचा भार तिच्यावर कशाला. आमच्यापाशीच राहू दे तो, हे गेले तसे मी पण जाईन.

चला, चहा निवला तुमचा, दुसरा करते. आई-वडील आहेत ना तुम्हाला? बरे असू देत हो. सगळ्यांचेच बरे असू देत.