चौदा लेबलं

सासरे: या बटणाला कडाच नाही. सगळं कसं गुळगुळीत. दुसरा प्लेअर दाखवा.

दुकानदार: काका, हा टचचा आहे. सध्या हेच चालतं.

सासरे: चालत असेल. मला मात्र बोटाला लागायला हवं, की इथे दाबायचं.

सून: बाबा, आपण आवाजासाठी आलोय, बटणांसाठी नाही. दादा, आवाज चांगला हवा आणि खिशाला झेपायला हवा. घरचा सीडी प्लेअर हल्ली फार त्रास देतो. वाजता वाजता एकाच सुरावर अडकतो, नाहीतर बंदच पडतो.

दुकानदार: स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर?

सासरे: जुने आहेत. माझ्यासारखे नाहीत, धडधाकट आहेत.

दुकानदार: मग प्लेअरमध्ये फार पैसे घालू नका. हा टचचा महाग. हा मधला, बरा आहे. आणि हा तिसरा जुना, मीच उघडून दुरुस्त केलाय, आतला लेझर नवा टाकलाय. आवाजात मधल्याला सहज मागे टाकेल. खोटं कशाला सांगू, यात मला सगळ्यात कमी पैसे सुटतात.

सासरे: बघू. एक, दोन, तीन बटणं लागतायत बोटाला, आणि हे मधलं बटण मोठं. हा जुनाच घेऊ.

सून: न ऐकताच?

सासरे: ऐकू की. पिशवीतली एक सीडी दे त्यांना. कुठलीही दे.

दुकानदार: व्हायोलिन वाटतं. कोणाचं?

सून: बाबांचंच. तीस वर्षं वाजवायचे. आता सांधे धरलेत, बोटं वळत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा व्हायोलिन पेटीत गेलं होतं. मी बाबांना फक्त सीडीवरच ऐकलंय.

सासरे: मीही हल्ली तिथेच ऐकतो स्वतःला. बरा वाजवायचो.

दुकानदार: अडकली बघा. थांबा, माझी लावतो. माझी तर छान चालली. तुमची दुसरी मधल्या मशीनवर लावून बघू. काका, हे हेडफोन घ्या आणि त्या खुर्चीत निवांत बसा. सीडी वाचायला मशीन जरा वेळ घेईल.

(सासरे हेडफोन लावून खिडकीजवळ बसतात. दुकानदार पहिली सीडी दिव्यासमोर धरतो.)

दुकानदार: ताई, जरा इकडे या. काय दिसतंय?

सून: ठिपके. उजेड आरपार येतोय.

दुकानदार: यायला नको. तुमचा घरचा प्लेअर ठणठणीत असणार. सीडी गेली आहे. वरचं लेबल कोणी बदललं का?

सून: मी. का?

दुकानदार: आधीचं काढून?

सून: आधी बारीक कागद होते, पेन्सिलीने लिहिलेले. बाबांची नजर कमी होत चालली, म्हणून मी मोठ्या अक्षरांत नवी लेबलं छापून आणली. मी लायब्ररीत असते, दादा. वीस वर्षं पुस्तकांना लेबलंच लावतेय. जुनं लेबल कोमट पाण्याने ओलं करायचं, कोपरा नखाने उचलायचा आणि हळूच ओढायचं. पुस्तकाला कधी ओरखडाही पडलेला नाही. इथेही खालची चमकती बाजू मी रुमालावर ठेवली होती. बोट लागू दिलं नाही.

दुकानदार: सगळ्यांचा हाच समज असतो. गाणं खालच्या बाजूला नसतं, ताई. वरच्या लेबलाच्या लगेच खाली असतं, पापुद्र्यासारखं. लेबल ओढलं की पापुद्रा त्याच्याबरोबर निघतो.

सून: कागदाच्या मागे चंदेरी काहीतरी यायचं. मला वाटलं, गोंद आहे.

दुकानदार: ते चंदेरीच वादन होतं.

सून: महागातल्या मशीनवर वाजेल ना? तो टचचा घेते. परवडवेन कसं तरी.

दुकानदार: सोन्याचं मशीन आणलंत तरी नाही. जे निघून गेलं ते कोण वाचणार? यांच्या मूळ टेप असतील ना?

सून: बाबांच्या एका विद्यार्थ्याने टेपवरून या सीड्या करून दिल्या. मग घर बदलताना आम्ही टेप टाकून दिल्या. सीड्या आहेत, म्हणून.

दुकानदार: किती लेबलं काढलीत?

सून: चौदा. तेवीस आहेत एकूण. लेबलाचा कागद संपला म्हणून नऊ राहिल्या.

दुकानदार: मग त्या नऊ उद्याच घेऊन या, कॉम्प्युटरवर उतरवून देतो. त्यांना हातही लावू नका.

सून: दादा, एक करा. बाबांना यातलं काही बोलू नका. म्हणा, मशीनचंच काहीतरी आहे, नवीनची सवय व्हायला वेळ लागतो, काहीही म्हणा. मी सांगेन घरी, सावकाश.

दुकानदार: कधी सांगाल?

सून: माहीत नाही. त्यांचा सकाळचा एक तास असतो. चहा झाला की सीडी लावतात आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर हलवत बसतात. त्या माणसाला मी काय सांगू?

दुकानदार: मी मशीन विकतो, ताई, पण हे माझ्या तोंडून नको. यावर नाही वाजली की ते हे परत आणतील. मग दुसरं नेतील, मग तिसरं.

सासरे: तिसऱ्याला मी येणार नाही. जिना फार आहे तुमचा.

सून: बाबा?

सासरे: यात काही लागलेलंच नाही. मघापासून नुसती घरघर चाललीय. आणि हेडफोन म्हणजे काही कानात बोळे नव्हेत.

सून: सगळं ऐकलंत?

सासरे: लायब्ररीपासून. कुठल्या चौदा?

सून: फळीवर डावीकडून पहिल्या.

सासरे: म्हणजे हात चालत होता तेव्हाच्या सगळ्या. उरल्या त्या शेवटच्या. बोटं दुखायला लागली होती तरी हट्टाने वाजवत होतो, त्या.

सून: मला रागवा ना, बाबा.

सासरे: राग आलाय. नाही कशाला म्हणू? हात होते तेही गेले आणि त्यांचं वाजवलेलंही गेलं. पण तुझ्यावर काढता येत नाही तो.

सून: का नाही? सगळं माझ्या हातून झालंय. काही न विचारता मी...

सासरे: विचारलं होतंस.

सून: हो. पहिल्या दोन करून तुमच्या हातात दिल्या. आता वाचता येतंय का, विचारलं. तुम्ही घडाघडा वाचून दाखवलंत. तारखेसकट. मला इतका आनंद झाला, की राहिलेल्या बारा मी एका दुपारी संपवल्या.

सासरे: मी वाचलं नव्हतं. पहिली कुठली आणि दुसरी कुठली, हे मला पाठ आहे. तारखेसकट.

सून: म्हणजे?

सासरे: तेव्हाही मला अक्षर दिसत नव्हतं गं. तू एवढं खपून केलं होतंस. नाही म्हटलं असतं तर तू आणखी मोठी लेबलं करायला बसली असतीस, आणि डॉक्टरकडे नेलं असतंस, आणि घरात सगळ्यांना कळलं असतं. म्हणून वाचून दाखवलं.

दुकानदार: काका, पाणी आणू?

सासरे: तिला द्या.

सून: आता किती दिसतं, बाबा? खरं सांगा.

सासरे: तू उभी आहेस, एवढं दिसतं. रडतेयस, ते ऐकू आलं.