सस्पेन्शनचा नाच

अरे, त्या साहेबाचं ऐका. गारपिटीत आमच्या प्रकाशा गावाचा गहू पार झोपला, म्हणून इंग्रज साहेब पाहणीला आला. नुकताच कॉलेजातून परतलेला मी दुभाष्या. साहेब म्हणाला, "शेतसाऱ्याला सस्पेन्शन देतो." म्हणजे यंदा थांबणार, पुढच्या वर्षी वसूल करणार. असली कंजूष दया माझ्या तोंडून निघेना. मी अहिराणीत ठोकून दिलं, "सायेब सांगी ऱ्हायना, सारा माफ शे."

माफी ऐकताच ढोल सुरू झाले. पाटलांनी साहेबाला फेटा बांधला, पोरांनी खांद्यावर घेतलं. साहेब वरूनच खुशीत म्हणाला, "नुसत्या सस्पेन्शनला एवढा नाच? मग रेमिशन दिलं, साराच सोडला, तर काय करतील?"

मी म्हणालो, "देऊन बघा, साहेब."

पठ्ठ्यानं खांद्यावरूनच दिलं.